करड्या गरुडाचं अक्षर

त्या मंगळवारी दुपारी, ऐंशी-नव्वद माणसांच्या जेवणाच्या गलक्यात, ऑर्विल व्हाइटक्रेन स्वतःच्याच आवाजानं दचकला. फ्रँकलिन रस्त्यावरच्या अमेरिकी आदिवासींच्या केंद्रात दर मंगळवारी म्हाताऱ्यांना जेवण असायचं. मक्याचं सूप, पाव, डब्यातली पीचची फोड. एक गोरी बाई हातात कागद घेऊन टेबलाटेबलांवरून फिरत होती. कुठल्यातरी जुन्या पत्राची झेरॉक्स होती ती. हे कुणाला वाचता येतंय का, असं ती विचारत होती, आणि माणसं कागदाकडे बघून, मान हलवून पुन्हा सुपाकडे वळत होती. कागद ऑर्विलच्या वाडग्यापाशी आला. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला तो नुसतं अक्षर बघायला. पुढच्या क्षणी त्याच्या तोंडून डाकोटा भाषेतली दोन अख्खी वाक्यं बाहेर पडली होती. माझ्या बहिणी, तू कुठल्या नदीकाठी आहेस ते मला कळत नाही. मी जिवंत आहे आणि माझे हात चांगले आहेत. आवाज घोगरा होता, पण शब्द कुठं अडखळले नाहीत. वर्षानुवर्षं न उघडलेला नळ फिरवावा आणि गंज न येता थेट स्वच्छ पाणी यावं, तसं झालं. समोर विल्फ्रेड बसला होता. त्याचा चमचा वाडग्यात तसाच राहिला. विल्फ्रेड ओजिब्वे जमातीचा; डाकोटा आणि ओजिब्वे यांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर आता या दोघांत फक्त थट्टेपुरतं उरलं होतं. "चाळीस वर्षं मला सांगतोयस, विसरलो म्हणून," विल्फ्रेड म्हणाला. "मला वाटायचं, आमच्या आज्यांनी तुम्हाला इथून पिटाळलं तेव्हा जिभाही इथंच टाकून पळाला असाल." ऑर्विलनं कागद उलटा करून ठेवला. पण ती बाई तोवर त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली होती आणि गुरुवारी दफ्तरखान्यात याल का, असं विचारत होती.

संध्याकाळी रोझलिन आली, ती बातमी घेऊनच. त्याची ही एकुलती एक मुलगी, बेचाळीस वर्षांची, सरकारी इस्पितळात परिचारिका. विल्फ्रेडची भाची तिच्याच वॉर्डात कामाला होती. तिनं भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, दूध फ्रीजमध्ये टाकलं, आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, की आज तुम्ही म्हणे फडाफडा वाचलंत. तो म्हणाला, दोनच ओळी. ती म्हणाली, मी चौथीत होते तेव्हा शाळेसाठी मला एक शब्द हवा होता. बर्फाला आपल्यात काय म्हणतात, एवढंच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, विसरलो, बसच्या इंजिनांच्या आवाजात सगळं गेलं. मी वर्गात सांगितलं, आमच्या भाषेत बर्फाला शब्दच नाही. सगळी पोरं हसली. हे तिनं चिडून सांगितलं नाही. रुग्णाचा ताप सांगावा तसं सांगितलं, आणि ती निघून गेली. तो खिडकीपाशी उभा राहिला. त्याला तो दिवस आठवत होता. तिच्या दोन वेण्या आठवत होत्या. शब्दही तेव्हा जिभेच्या टोकाशी येऊन उभा होता. बर्नादीन, त्याची बायको, त्या वेळी भांडी विसळत होती आणि तिनं वळून त्याच्याकडे फक्त बघितलं होतं. तिला ठाऊक होतं की तो झोपेत बोलतो, आणि कुठल्या भाषेत बोलतो तेही. मरेपर्यंत तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

जायचं नाही असं ठरवूनही तो गुरुवारी गेलाच. सेंट पॉलच्या टेकडीवर दफ्तरखान्याची इमारत होती. तिथं जाणाऱ्या बसचं इंजिन त्यानंच दोनदा खोलून बसवलं होतं. एकतीस वर्षं तो शहराच्या बस आगारात मिस्त्री होता. त्याला तिकडं ओढत होतं ते पत्र नव्हे, अक्षर. इंजिन सुरू झालं की आधी त्याला कुणाचा हात लागलाय ते त्याला ऐकून कळायचं. हा डॅनियलसनचा हात, हा घाईचा, हा दारू पिऊन आलेला. तसं ते अक्षर बघताच कळलं होतं, की हा घाई न करणारा हात आहे. उभी, सुटी अक्षरं. कागद संपत आला की ओळ समासातून वर चढायची, पण बारीक व्हायची नाही. त्या बाईचं नाव कॅरेन लुंडीन. पन्नाशीची होती, बोटांना शाईचे डाग. तिनं त्याच्यासमोर फाइल ठेवण्याआधी एक गोष्ट सांगितली. अठराशे बासष्टच्या ऑगस्टमध्ये, डाकोटांचं गोऱ्यांशी युद्ध पेटलं तेव्हा, तिच्या पणजोबांचा भाऊ आणि त्याची बायको ओढ्याकाठच्या शेतात मारले गेले होते. गवत कापत होते. "तुम्हाला नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं," ती म्हणाली. ऑर्विलनं थोडा विचार केला. त्याला तिचं सांगणं आवडलं. ती माफीही मागत नव्हती आणि हिशेबही मागत नव्हती. "मग आपण दोघं सावकाश वाचू," तो म्हणाला.

पत्रं सगळी डाकोटा कैद्यांची होती. युद्ध जेमतेम सहा आठवडे चाललं. त्या उन्हाळ्यात डाकोटांच्या पोरांची पोटं खपाटीला गेली होती, सरकारी कोठारं भरलेली आणि कुलपं लावलेली होती. मग एका सकाळी बंदुका उडाल्या, आणि खोऱ्यातल्या गोऱ्यांच्या शेतांवर, वाड्यावस्त्यांवर शेकडो माणसं मेली, त्यात कुणालाही कधी न दुखावलेली कितीतरी होती. सप्टेंबर संपता संपता सगळं आटोपलं. त्यानंतर पकडलेल्या डाकोटांचे निवाडे, एकेकाचा निवाडा पाच-दहा मिनिटांत. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॅनकॅटोला अडतीस जणांना एकाच चौथऱ्यावर, एकाच वेळी फाशी दिलं. हे सगळं ऑर्विलला ठाऊक होतं, डाकोटाच्या पोटी आलेल्या प्रत्येकाला असतं. पण बाकीच्या तीनशेंना त्या सकाळी कसं वाटलं असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. ते शेजारच्या लाकडी कोठडीत साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना दिसलं काही नाही, ऐकू मात्र आलं. एका पत्रात होतं: डोक्यावर पिशव्या घातल्यावर ते एकमेकांना हाका मारत होते. प्रत्येक जण आपलं नाव सांगून म्हणत होता, मी इथं आहे. मग चौथऱ्याचा दोर तोडल्याचा आवाज आला. त्याच कोठडीत, त्याच हिवाळ्यात, पाटीचे तुकडे आणि कोळसा घेऊन त्यांतली काही माणसं लिहायला शिकली. वसंतात त्यांना बोटीत घालून नदीनं खाली, आयोवात डेव्हनपोर्टच्या छावणीत नेलं आणि तीन वर्षं तिथं ठेवलं. बायकापोरांना वर मिसुरीकाठी माळावर नेऊन सोडलं. दोन्हीकडे माणसं मरत होती, आणि कोण मेलं हे दुसरीकडे कळत नव्हतं. म्हणून पत्रं.

दर पत्राच्या शेवटी तीच ओळ असायची: हे अमक्यानं सांगितलं, मी वाम्दीहोतानं लिहिलं. वाम्दीहोता म्हणजे करडा गरुड. पहिल्या महिन्यात त्याच्या हातची एकेचाळीस पत्रं निघाली, आणि त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नव्हतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते त्याच्यासमोर बसून बोलायचे आणि तो लिहायचा, हे ऑर्विलला लख्ख दिसू लागलं, कारण प्रत्येक पत्राचा आवाज निराळा होता. एक म्हातारा रागानं तोडून बोलायचा, तर तो वाक्यं तोडूनच लिहायचा. एक तरुण लाजायचा. त्याच्या पत्रात बायकोची विचारपूस शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, जणू कुणी बघू नये अशी. वाम्दीहोता कुणाच्या बोलण्यात स्वतःचं मीठ घालत नसे. एकानं लिहवून घेतलं होतं: इथल्या नदीत शिंपले मिळतात. मी त्यांच्या अंगठ्या करतो. ज्यांना माझी भीती वाटते त्याच बायका त्या बोटांत घालतात. दुसऱ्यानं: त्या उन्हाळ्यात मी शेजारच्या जर्मन माणसाला माझ्या घोंगडीत लपवून नदीपार नेलं. त्यानं न्यायाधीशांना सांगितलं, याला मी युद्धात बघितलं. कुठं बघितलं ते त्याला कुणी विचारलं नाही. ऑर्विल हे इंग्रजीत सांगायचा आणि कॅरेन टाइप करायची. त्या शेवटच्या वाक्यापाशी तिची बोटं थांबली. मग तिनं ते दोनदा वाचलं आणि बरोबर आहे ना, असं विचारलं. बरोबर होतं.

घरी जाताना बसमध्ये त्याला कुंशी आठवायची. कुंशी म्हणजे आजी, वडलांची आई. युद्धानंतरच्या त्या नोव्हेंबरात ती सहा वर्षांची होती. सतराशे बायका, पोरं, म्हातारे यांची रांग चार मैल लांब, आणि ती दीडशे मैल चालत सेंट पॉलजवळच्या किल्ल्याखालच्या छावणीकडे निघालेली. वाटेत एक गाव लागलं. गावकरी रस्त्याच्या दोन्ही अंगाला दगड आणि उकळत्या पाण्याच्या किटल्या घेऊन उभे होते. कुंशीच्या आईनं तिला शालीत घेतलं आणि पाठ त्यांच्याकडे केली. त्या पाठीवर पुढं मरेपर्यंत केस नसलेल्या कातड्यासारखा गुळगुळीत डाग होता, तो कुंशी बोटानं आपल्या हातावर काढून दाखवायची. हीच पाठ त्याआधी सहा आठवडे एकीकडे एक जर्मन बाई आणि तिची दोन पोरं, दुसरीकडे चिडलेले डाकोटा तरुण, यांच्या मध्ये उभी राहिली होती. त्यांना तिनं आपल्या तंबूत, घोंगड्यांच्या ढिगामागं ठेवलं होतं. कुंशी हे सांगताना हसायची, कारण त्या बाईला रानातला वाळवलेला कंद चावता यायचा नाही आणि ती तो पोरांसारखा चोखत बसायची. "माझी आई तिला म्हणायची, रड पण हळू रड," कुंशी सांगायची. शूर हा शब्द तिनं आईबद्दल कधी वापरला नाही. आई कामात असायची, असं ती म्हणायची. लहानपणी ऑर्विलला वाटायचं, शूर माणसं म्हणजे घोड्यावरची, पिसांची. आता त्र्याहत्तराव्या वर्षी, बसच्या खिडकीला डोकं टेकून, त्याला वाटू लागलं की शूर माणूस म्हणजे ज्याच्यासमोर दुसरा माणूस बसून बोलू शकतो तो.

एप्रिलच्या शेवटी एक पत्र निघालं, त्यावर नेहमीची ओळ नव्हती. वाम्दीहोतानं ते आपल्या बायकोला लिहिलं होतं. आधी तिनं कळवलेल्या धाकट्या पोराच्या मृत्यूबद्दल चार ओळी होत्या, त्या ऑर्विलनं हळू आवाजात सांगितल्या. पुढं होतं: इथल्या एका अधिकाऱ्यानं मला बोलावलं. तो म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे. युद्धात कोण कुठं होतं, निवाड्यात कुणाचं काय सांगायचं राहिलं, ती नावं लिहून दे. गवत वाढायच्या आत तुला तुझ्या बायकोकडं पाठवतो. मी म्हटलं, या हातानं मी माणसांची नावं लिहितो ती त्यांच्या घरच्यांनी वाचावीत म्हणून. दुसऱ्या कामासाठी हा हात मला वापरता येत नाही. म्हणून मी अजून इथं आहे. तुला माझा राग येईल हे मला माहीत आहे. तो खरा आहे, तो ठेव. ऑर्विलनं हे इंग्रजीत सांगितलं नाही.  त्याच्या कानांत काहीतरी गुणगुणू लागलं, घशाशी काकवीचा गोड, चिकट वास आला. डोळे दुखतायत, असं तो कॅरेनला म्हणाला, आणि कोट न चढवताच बाहेर पडला.

दोन आठवडे तो गेला नाही. मंगळवारच्या जेवणालाही नाही. विल्फ्रेड दारापर्यंत आला आणि म्हणाला, मेलास का, तर सांग, तुझे पीच मी खाईन. ऑर्विलनं दार उघडलं नाही. तो स्वयंपाकघरात बसून राहायचा आणि काकवीचा वास जायचा नाही. लहानपणी नदीपलीकडच्या निवासी शाळेत, जिथं डाकोटात बोलायला बंदी होती, त्याचं अक्षर सगळ्यात सुरेख होतं. अधीक्षकांच्या मदतनिसानं त्याला एकदा खोलीत बोलावलं, त्याची वही हातात धरून कौतुकानं मान डोलावली, आणि म्हटलं, तू हुशार आहेस, तुला एक काम देतो. दर शुक्रवारी एक चिठ्ठी. आठवडाभरात जी पोरं डाकोटात बोलली त्यांची नावं. त्या बदल्यात त्याला जेवणघरात शेगडीजवळची जागा मिळायची आणि पावाला काकवी. पहिल्यांदा त्यानं ज्यांनी त्याला मारलं होतं त्यांची नावं लिहिली, ते सोपं होतं. मग जी पोरं दुसऱ्या गावची होती त्यांची. एका शुक्रवारी लिहायला कुणीच नव्हतं. पोरं सावध झाली होती. शेगडी तापलेली होती, बाहेर फेब्रुवारी होता, आणि त्यानं लिहिलं, लीलंड व्हाइटक्रेन. लीलंड त्याच्या थोरल्या काकांचा मुलगा, बारा वर्षांचा. त्यांच्यात काकांच्या मुलाला वेगळा शब्द नाही, तो भाऊच. गोठ्यात धारा काढताना लीलंड त्याला रोज कुंशीच्या गोष्टी डाकोटात सांगायचा, चरवीत धार वाजायची त्या आवाजाआड, आणि मग त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचा, विसरू नये म्हणून. सोमवारी लीलंडला आगगाडीनं तीन दिवसांवरच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात कुंशी वारली. ती शेवटपर्यंत दाराकडे बघून लीलंड कधी येणार, असं विचारायची. ऑर्विल तिच्या उशाशी बसला होता; तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि तो हात त्याला अजून, इतक्या वर्षांनी, नकोसा वाटतो.

रविवारी रोझलिन गाडी घेऊन आली. ब्रेक दाबला की खरखर येते, म्हणाली. हे निमित्त होतं हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं गल्लीत गाडी जॅकवर घेतली, अंगात जुना डगला चढवला आणि पाठीवर सरकत खाली शिरला. ती उपड्या बादलीवर बसून त्याला पाने देत होती. मे महिन्याचं ऊन होतं. खालून त्याला तिचे फक्त पांढरे बूट दिसत होते, इस्पितळातले, डाव्याच्या टाचेला चीर गेलेली. तोंडासमोर लोखंड आणि मळ, ओळखीचा, निवांत वास. त्यानं तिथूनच सांगायला सुरुवात केली. आधी वाम्दीहोताचं पत्र, मग शेगडी, मग चिठ्ठ्या, मग लीलंड. एक नट तो सबंध वेळ घट्ट करत राहिला, जो आधीच घट्ट होता. शेवटी म्हणाला, की मी विसरलो नव्हतो, मला फक्त ते तोंडात घेववत नव्हतं. एकेका शब्दाबरोबर त्याचं नाव यायचं.  गल्लीच्या टोकाला कुणी कुत्र्याला हाक मारत होतं.

"किती वर्षांचे होतात?" रोझलिननं विचारलं.

"नऊ."

"आणि मी?"

"तू काय?"

"तुमची शिक्षा मला झाली, तेव्हा मी किती वर्षांची होते?"

 ती चौथीत होती, म्हणजे तीही नऊची. हे त्याच्या त्या क्षणी ध्यानात आलं, आणि तिच्या ते केव्हाचंच आलेलं असणार. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहू लागलं. निजलेल्या माणसाचं रडणं असं बाजूला वाहतं. त्यानं ते पुसलं तर गालाला ग्रीस लागलं. मग तिनं विचारलं, की लीलंड आहेत का अजून. तो म्हणाला, आहे, नेब्रास्कात, सॅन्टीला. एकोणीसशे एक्कावन साली एका मयतीला दिसला होता, थडग्याच्या पलीकडच्या अंगाला उभा होता. बोलणं झालं नाही. ती म्हणाली, ही गाडी तिथवर जाईल का? तो म्हणाला, ब्रेक बदलले की जाईल. मग तिनं वाकून हात गाडीखाली घातला आणि न विचारता बरोबर तोच पाना त्याच्या हातात ठेवला.

जाण्याआधी तो कॅरेनकडे गेला. न येण्याचं कारण तिनं विचारलं नाही. त्यानं ते नावांबद्दलचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, तिनं टाइप केलं. मग तिनं पेटीच्या तळाशी सापडलेलं एक पाकीट पुढं सरकवलं. अक्षर निराळं होतं, पोरवयाच्या लिहिणाऱ्याचं असावं तसं, ओळी उताराला लागलेल्या. वाम्दीहोता आता लिहू शकत नाही, खोकल्यानं त्याचा हात हलतो. मी त्याच्याजवळ लिहायला शिकलो, म्हणून मी लिहितो. तो म्हणतो, त्याच्या बायकोला सांगा की इथं आता एकोणतीस जण लिहू शकतात. तो म्हणतो, ते सगळे आपापलं पत्र आपण लिहितात आणि मला काम उरलेलं नाही. तो हे सांगताना हसला. त्यानंतरच्या तारखेचं, त्याचं नाव असलेलं एकही पत्र नव्हतं.  कॅरेननं टेबलावरचा शब्दकोश उचलून कपाटात नेऊन ठेवला, आणि काम संपलेलं नव्हतं म्हणून परत आणला. ऑर्विलच्या मनात आलं, की साखळीत बांधलेला, पोर गेलेला, छातीत कफ झालेला हा माणूस. शत्रू त्याच्या हाताकडे बघत होते, की त्यात बंदूक येते का, सुरी येते का. आणि तो हात बसल्या जागी एकोणतीस हात करून गेला.  ऑर्विलनं कागद सरळ केला. कॅरेननं त्याला सगळ्या पत्रांच्या प्रती करून दिल्या.

सॅन्टीला पोचायला दुपार झाली. मिसुरीच्या वरच्या उतारावर लीलंडचं घर होतं, पाठीमागं कॉटनवुडची झाडं, त्यांचा कापूस अंगणभर उडत होता. लीलंड ओसरीवर बसला होता. उंच, वाळलेला, डोळ्यांत मोतीबिंदूची साय. पायांच्या आवाजाकडे त्यानं मान वळवली, पण उठला नाही. फोनवर रोझलिन बोलली होती, त्यामुळं कोण येणार हे त्याला माहीत होतं. ऑर्विल पायरीखालीच थांबला. 

"दादा," तो डाकोटात म्हणाला. "ते नाव मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," लीलंड म्हणाला. "चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर ठेवली होती. त्या शाळेत तसलं अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं?"

कापूस उडत होता. लीलंडनं हातानं तो गुडघ्यावरून झटकला. मग तो हळूहळू, मध्ये थांबत बोलला. कुंशी गेल्याचं त्याला तिकडं चार महिन्यांनी कळलं. तेव्हा तो सुतारकामाच्या वर्गात होता, कुणीतरी जाता जाता सांगितलं. त्याचा राग अजून आहे, तो म्हणाला, आणि तो जायचा नाही, या वयात कशाला जाईल. पण तू कधीतरी येशील म्हणून मी ही दुसरी खुर्ची ठेवली होती, असं नव्हे, खुर्ची बायकोची होती. ती गेल्यापासून रिकामी आहे. "बस तिच्यावर. आणि काय आणलंयस ते वाच. मला दिसत नाही."

ऑर्विल वाचू लागला. आधी बहिणीला लिहिलेलं, मग शिंपल्यांचं, मग घोंगडीतल्या जर्मनाचं. दोन ठिकाणी लीलंडनं त्याला थांबवलं आणि उच्चार सुधारला, गोठ्यात सुधारायचा तसाच, चिडून. मग तो नावांच्या पत्राशी आला.  वाचून झाल्यावर लीलंडनं नदीकडे तोंड वळवलं. म्हणाला, चांगला माणूस होता. मग म्हणाला, ते एकदा पुन्हा वाच, राग ठेव म्हणतो तिथून. त्यानं वाचलं. पायरीवर रोझलिन बसली होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. तिनं मध्ये एकदाही विचारलं नाही. दोन म्हाताऱ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत ती तासभर तशीच बसून होती, गुडघ्यांभोवती हात बांधून.

लीलंडनं तिला जवळ बोलावलं. ती आली तेव्हा त्यानं आपल्या अधू डोळ्यांजवळ तिचा चेहरा घेतला, दोन्ही हातांनी चाचपला, आणि डाकोटात काहीतरी म्हणाला. ऑर्विल सवयीनं इंग्रजीत सांगायला गेला. लीलंडनं तळवा वर केला.

"तू नको. तिला विचारू दे."

रोझलिननं वडलांकडे बघितलं. ऑर्विलनं तिला तीन शब्द सांगितले, सुटे सुटे. ताकू एहा हे. काय म्हणालात. तिनं म्हटले, चुकले. लीलंडनं मान हलवली. तिनं पुन्हा म्हटले. मधला शब्द घसरला, तसं तिचंच तिला हसू आलं, आणि वॉर्डात हट्टी रुग्णासमोर उभी राहावी तशी ती ताठ उभी राहून तिसऱ्यांदा म्हणाली. या वेळी लीलंड थांबला. मग त्यानं थेट तिला उत्तर दिलं, एकेक शब्द वेगळा करून, प्रत्येक शब्दाला बोट दाखवत. आपल्या, असं म्हणताना त्यानं आधी ऑर्विलच्या, मग स्वतःच्या छातीला हात लावला. मुलीचं, म्हणताना तिचा खांदा धरला. आणि मग अंगठा तिच्या भुवयांच्या वर टेकवून सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, आणि म्हणाला, कुंशीचं.

रोझलिननं हात उचलून आपल्या कपाळाला लावला.